मोझार्टच्या गावी दाद आवरा

ज्या मुलाला गावाने नीट पगार दिला नाही, नीट पानावर बसू दिले नाही आणि शेवटी लाथ घालून हाकलले, त्याच्या नावावर तेच गाव किती वर्षे जगू शकते, याचा विक्रम बहुधा ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या नावावर लागेल. वोल्फगांग आमाडेउस मोझार्ट 27 जानेवारी 1756 रोजी इथल्या गेट्रायडेगास नावाच्या गल्लीत, 9 नंबरच्या घरात जन्मला. पुढे तो गावचे धनी प्रिन्स-आर्चबिशप कोलोरेडो यांच्या चाकरीत लागला. दरबारचा ऑर्गनवादक, पगार सालीना 450 गुल्डन. 1781 मध्ये आर्चबिशप व्हिएन्नाला गेले तेव्हा त्यांनी आपल्या लवाजम्यात यालाही बोलावून घेतले. तिथे जेवायला बसताना मानाप्रमाणे पंगत लागे. वरच्या टोकाला खासगीतले नोकर, मग मोझार्ट, आणि त्याच्या खाली आचारी. निदान आचाऱ्यांच्या वर तरी बसवतात, असे त्याने वडिलांना पत्रात खवचटपणे कळवले. नोकरी सोडतो म्हणून अर्ज घेऊन गेला, तर दरबारातल्या काउंट आर्कोने त्याला पार्श्वभागावर लाथ मारून दाराबाहेर काढले. संगीताच्या इतिहासात इतकी फलदायी लाथ दुसरी कोणी मारल्याचे ऐकिवात नाही. मोझार्ट व्हिएन्नातच राहिला आणि उरलेल्या दहा वर्षांत त्याने जे लिहिले, त्यावर जग अजून गुजराण करते आहे.

आज साल्झबुर्गचा विमानतळ मोझार्टच्या नावाचा, चौक मोझार्टच्या नावाचा, नदीवरचा पादचारी पूल मोझार्टच्या नावाचा आणि संगीत विद्यापीठही त्याच्याच नावाचे. चौकातला पुतळा तो गेल्यावर एकावन्न वर्षांनी, 1842 मध्ये उभा राहिला. तोही ठरल्यापेक्षा उशिरा, कारण पाया खणताना रोमन काळातली फरशी सापडली. गावाने मोझार्टची गोळीही केली आहे. पाउल फ्युर्स्ट नावाच्या मिठाईवाल्याने 1890 मध्ये पिस्त्याच्या मार्झिपानभोवती नुगा आणि त्यावर चॉकलेट चढवून 'मोझार्टकूगल' काढली, पण तिचे हक्क राखून ठेवायचे त्याला सुचले नाही. साहजिकच सगळ्यांनी ती करायला घेतली आणि अस्सल कोणाची यावरून प्रकरण कोर्टापर्यंत गेले. फ्युर्स्टची गोळी हाताने केलेली, चंदेरी-निळ्या कागदात. कारखान्यातली लाल-सोनेरी कागदात. हा वाद पुण्याच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. 'आमची कोठेही शाखा नाही' या पाटीखाली आमचे बालपण गेले आहे.

या गावी दरवर्षी जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टअखेरपर्यंत संगीत-नाट्य महोत्सव भरतो. मी म्युनिकला नोकरी करतो. तिथून साल्झबुर्ग रेल्वेने दोन तासांच्या आत. त्यामुळे उन्हाळ्यात आत्या पुण्याहून आली तेव्हा तिला महोत्सवाला नेणे हे माझे कर्तव्यच ठरले. आत्या म्हणजे सवाई गंधर्व महोत्सवाची जुनी श्रोती. पुढ्यात थर्मास, मांडीवर शाल आणि शालीवर ताल धरणारा हात. तिचे म्हणणे असे की गाणे नेहमी दोघे मिळून करतात. एक जण गातो आणि दुसरा 'क्या बात है' म्हणतो. दुसरा नसेल तर पहिल्याने घरीच रियाज करावा. हे तत्त्वज्ञान घेऊन ती युरोपातल्या सगळ्यात शिस्तीच्या श्रोतृवर्गात जाऊन बसणार होती. मला काळजी साल्झबुर्गची वाटत होती.

पहिला प्रश्न तिकिटांचा. इथला रिवाज असा की उन्हाळ्यात ऐकायचे असेल तर हिवाळ्यातच मागणी नोंदवायची. ऑपेराच्या पुढच्या रांगांची तिकिटे चारशे युरोंच्या पुढे जातात. मी आकडा सांगितला तेव्हा आत्याने मनातल्या मनात रुपये केले आणि म्हणाली, "एवढ्यात गवई घरी येऊन गाईल. वर जेवूनही जाईल." मागच्या बाजूची, खांबाशेजारची, डोंगराच्या अंगाची अशी स्वस्त तिकिटेही असतात. ज्यांना तीही मिळत नाहीत ते ऐन वेळी नाट्यगृहाबाहेर 'तिकीट हवे आहे' असे कागदावर लिहून उभे राहतात. चांगला सूट, टाय, पॉलिश केलेले बूट आणि छातीशी धरलेला हाताने लिहिलेला कागद. इतक्या नीटनेटक्या वेषात मागणारे लोक मी दुसरीकडे पाहिले नाहीत. आणि देणारेही सापडतात. पाऊस पडत असेल तर जास्त सापडतात.

साल्झबुर्गचा पाऊस हा महोत्सवाचा कायमचा कलाकार आहे. आल्प्सच्या कुशीत असल्यामुळे ऐन महोत्सवात तो हजेरी लावतोच. बारीक, सरळ, दोऱ्यासारखा आणि थांबायची काही घाई नसलेला. आत्याने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि "भिजवतो, पण मनावर घेत नाही" असा शेरा मारून पिशवीतून छत्री काढली. ही छत्री आत नेता येत नाही. ती, कोट आणि आत्याची पिशवी कोठीघरासारख्या खोलीत जमा करावी लागते. बदल्यात एक नंबर मिळतो. पिशवीत लाडू होते. नंबर देणाऱ्या बाईंना आत्याने मराठीत सांगितले, "सांभाळून ठेवा हो." बाईंनी जर्मनमध्ये हो म्हटले. दोघींचे पूर्ण समाधान झाले.

महोत्सवाची मुख्य नाट्यगृहे ज्या रस्त्यावर आहेत तो मुळात पागांचा रस्ता. आर्चबिशपांना संगीताची आवड असेल-नसेल, घोड्यांची जबरदस्त होती. रस्त्याच्या टोकाला घोड्यांना आंघोळ घालण्यासाठी बांधलेला संगमरवरी हौद आहे, आणि त्यामागच्या भिंतीवर घोड्यांचीच चित्रे रंगवलेली आहेत, म्हणजे आंघोळ करताना घोड्यांना आपल्या नातेवाइकांकडे बघता यावे. शेजारच्या म्योन्शबेर्ग डोंगराचा कडा 1693 मध्ये कोरून त्यात तीन मजल्यांच्या 96 कमानी काढल्या. कशासाठी, तर घोडेस्वारीचे खेळ बघायला बसण्यासाठी. आज या खडकातल्या प्रेक्षागाराचा रंगमंच झाला आहे, आणि पूर्वी जिथून प्रेक्षक घोडे बघत तिथून आता गायक प्रेक्षकांकडे बघतात. 'द साउंड ऑफ म्युझिक' सिनेमात ट्राप कुटुंब शेवटी गाते ते याच कमानींसमोर. 1925 मध्ये जुन्या पागेच्या जागी नाट्यगृह केले. 1960 मध्ये क्लेमेन्स होल्त्समाइस्टर या वास्तुशिल्पज्ञाने मोठे नाट्यगृह बांधले तेव्हा रंगमंचाला जागा पुरेना, म्हणून डोंगरातून 55 हजार घनमीटर खडक फोडून काढला. रंगमंचाची रुंदी शंभर मीटर. उद्घाटनाला कारायान या नामवंत संचालकाने ऑर्केस्ट्रा चालवला. तो तर या गावातच जन्मलेला. या कारायानला कोणी आचाऱ्यांच्या वर बसवले नाही. एवढी सुधारणा गावाने मधल्या काळात केली होती.

हा डोंगर गप्प बसणारा नाही. 1669 मध्ये त्याचा कडा कोसळून दोनशेच्या वर माणसे गेली. म्हणून डोंगर साफ करणारी माणसे हा या गावातला एक रीतसर पेशा आहे. नगरपालिकेचे नोकर. दोराला लोंबकळत कड्यावर हातोडीने ठोकून बघतात, कुठला दगड सुटा आहे ते, आणि सुटा असेल तो काढून टाकतात. आत्याला हे काम सगळ्यात पटले. "म्हणजे मैफलीच्या आधी तबला ठोकून लावून घेतात, तसा हे डोंगर लावून घेतात," ती म्हणाली. पुढे नाट्यगृहात बसल्यावर मात्र तिचे लक्ष अधूनमधून छताकडे जात होते.

छताकडे लक्ष जायला दुसरेही कारण आहे. इथल्या ऑपेरात वरून काय पडेल सांगता येत नाही. 2021 मध्ये रोमेओ कास्तेलुच्ची या इटालियन दिग्दर्शकाने मोझार्टचा 'डॉन जोवान्नी' बसवला, त्यात आधी एक मोटारगाडी वरून रंगमंचावर येऊन आदळली, आणि पुढे एक पियानोही. संगीत मोझार्टचेच. फक्त वाहतूक नवीन. अशा प्रयोगांच्या पहिल्या रात्री एक गंमत होते. एरवी ज्यांच्या श्वासाचाही आवाज येत नाही असे सभ्य लोक, शेवटी दिग्दर्शक मुजरा करायला आला की तोंडाचा चंबू करून 'बूऽऽ' असा हंबरडा फोडतात. गायकांना 'ब्राव्हो', दिग्दर्शकाला 'बू', आणि दोन्ही एकाच तोंडातून, दोन मिनिटांच्या अंतराने. गायिका एकटी असेल तर 'ब्राव्हो' म्हणून भागत नाही, 'ब्रावा' म्हणायचे. अनेक जण असतील तर 'ब्रावी'. शिव्या मात्र लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाहीत. त्या बाबतीत समता आहे.

महोत्सव सुरू कसा झाला हेही ऐकण्यासारखे आहे. पहिले महायुद्ध हरलेले, साम्राज्य गेलेले, बाजारात पीठ मिळायची मारामार. अशा वेळी कवी ह्यूगो फॉन हॉफमन्सथाल, संगीतकार रिचर्ड स्ट्राउस आणि दिग्दर्शक माक्स राइनहार्ट यांनी ठरवले की आता एक महोत्सव हवा. 22 ऑगस्ट 1920 रोजी कॅथीड्रलच्या दारासमोरच्या चौकात हॉफमन्सथालचे 'येडरमान' हे नाटक झाले आणि महोत्सवाची सुरुवात झाली. राइनहार्ट ज्यू होता, म्हणून 1938 मध्ये नाझी आल्यावर ते नाटक बंद झाले. युद्धानंतर पुन्हा सुरू झाले ते आजतागायत चालू आहे. तेच नाटक, तोच चौक, तेच कॅथीड्रल. नट तेवढे बदलतात, कारण त्याला इलाज नाही.

नाटकाची गोष्ट साधी. एक गडगंज श्रीमंत माणूस. मित्र, मेजवानी, प्रेयसी, सगळे आहे. भर पंगतीत त्याला बोलावणे येते. आजूबाजूच्या मनोऱ्यांवरून, लांब किल्ल्यावरूनही, त्याच्या नावाच्या हाका घुमायला लागतात. पंगतीतल्या कोणालाच त्या ऐकू येत नाहीत, फक्त त्याला येतात. मग मृत्यू येऊन उभा राहतो. मित्र सटकतात, प्रेयसी सटकते, पैशाची पेटी उघडली तर तिच्यातून पैसाच बाहेर येऊन त्याची टर उडवतो. शेवटी श्रद्धा आणि दोन-चार सत्कृत्ये एवढेच बरोबर येते. भागवत सप्ताहात मुरलेल्या आत्याला यात नवीन काही वाटले नाही. नवीन वाटले ते प्रेक्षक. संपत्तीचा काही उपयोग नाही हे ऐकायला युरोपातली सगळी संपत्ती येऊन बसली होती. हिरे, मोती, शिवून घेतलेले डिनर जॅकेट, आणि मृत्यूचे पाऊल वाजले की सगळ्या रांगेच्या अंगावर शहारा. नंतर हीच मंडळी शांतपणे उठून रात्रीच्या जेवणाला गेली. आत्या म्हणाली, "बरोबर आहे. कीर्तन उपाशीपोटी ऐकावं आणि प्रसादाला वेळेवर पोचावं."

या नाटकात प्रेयसीची भूमिका अगदी छोटी आहे. येते, थोडे बोलते, नाचते आणि मृत्यू दिसताच पळते. पण जर्मन भाषिक जगात या भूमिकेला जो मान आहे तो मोठमोठ्या भूमिकांना नाही. यंदा प्रेयसी कोण, ही बातमी होते. आणि तिचा झगा कोणत्या रंगाचा, ही त्याहून मोठी बातमी होते. झग्याची छायाचित्रे येतात, त्यावर मते मांडली जातात. गेल्या शंभर वर्षांत या प्रेयसीच्या संवादांवर जेवढे लिहिले गेले असेल त्याच्या कितीतरी पट तिच्या कपड्यांवर लिहिले गेले असावे. प्रेक्षकांनाही हे वारे लागलेले असते. सकाळच्या कार्यक्रमांना स्थानिक बायका ऑस्ट्रियन पद्धतीचा घेरदार डिर्न्डल घालून येतात, पुरुष चामडी विजारी चढवतात. संध्याकाळी झगे आणि काळे सूट. पागांच्या रस्त्याच्या पलीकडच्या कडेला सामान्य माणसे नुसती बघायला उभी असतात. आत्या साध्या नारायण पेठी साडीत उतरली, तर दोन बायकांनी थांबवून काठाला हात लावून पाहिला. त्यातली एक जण कापडाबद्दल काही विचारत होती. आत्याने तिला भाव सांगितला. तो ऐकून ती बाई बराच वेळ स्वतःच्या झग्याकडे बघत राहिली.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. महोत्सवात शनिवार-रविवारी सकाळी अकराला मोझार्टच्या मैफली होतात. जागा, मोझार्टेउमचे 1914 साली बांधलेले मोठे सभागृह. सोनेरी नक्षी, झुंबरे, मागे ऑर्गन. मधली जागा असेल तर आधीच बसलेल्या सगळ्या रांगेला उठवत आत जावे लागते. आणि जाताना लोकांकडे तोंड करून सरकायचे, पाठ करून नाही, असा शिष्टाचार आहे. आत्या प्रत्येकाकडे बघून हसत, "असू दे, असू दे" म्हणत सरकली. जागेवर पोचेपर्यंत तिच्या अकरा ओळखी झाल्या होत्या.

त्या सकाळच्या कार्यक्रमात मोझार्टची 'पॅरिस सिंफनी' होती. तीन भाग. नियम असा की तीनही भाग संपेपर्यंत टाळी नाही. दोन भागांच्या मध्ये शांतता. या शांततेत मात्र एकच काम करायला परवानगी आहे, ते म्हणजे खोकणे. पहिला भाग संपला, संचालकाचे हात खाली आले आणि सगळे सभागृह एकदम खोकले. पहिल्या रांगेपासून बाल्कनीपर्यंत. तरुण, म्हातारे, ज्यांना खोकला नव्हता तेही. इतका सांघिक खोकला तालमीशिवाय जमत नाही. आत्याला वाटले हीच इथली दाद. तिनेही मनापासून खोकून घेतले.

आत्याच्या उजव्या हाताला एक वयस्क गृहस्थ बसले होते. मांडीवर छापील स्वरलिपी, नाकावर चष्मा. संगीत सुरू झाल्यापासून ते पान उलटत वाचत होते. आत्याच्या उजव्या हाताची तर्जनी सवयीने शालीवर चालू होती. गृहस्थांनी त्या बोटाकडे पाहिले. काही बोलले नाहीत, नुसते पाहिले. बोट थांबले. थोड्या वेळाने चपलेतला अंगठा सुरू झाला. गृहस्थांची नजर खाली गेली. अंगठाही थांबला. मग आत्याने मान हलवायला सुरुवात केली, पण इतकी बारीक की ती 'नाही' म्हणते आहे की 'वा' म्हणते आहे हे बाहेरून कळू नये. संथ भागात एका ठिकाणी व्हायोलिनने असा काही सूर लावला की आत्याच्या घशापर्यंत 'आहाहा' आलेले मी पाहिले. तिने ते गिळले. पाणी पिऊन गोळी गिळावी तसे, डोळे मिटून.

मग तिसरा भाग. हा सुरू होतो नुसत्या व्हायोलिनांनी, हळू आवाजात. आठ बारांचे माप भरले की एकदम सगळा ऑर्केस्ट्रा तुटून पडतो. तो क्षण आला. आत्याने माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी तिथे खूण होती. आणि त्याच क्षणी मी पाहिले की स्वरलिपीवाल्या गृहस्थांचा गुडघा हलला. फक्त एकदा. त्यांनी तो लगेच स्वरलिपीने झाकला. पण आत्याने बघायचे ते बघितले होते. तिने त्यांच्याकडे वळून एक डोळा किंचित मिटला. गृहस्थ लाजले.

यातली गंमत पुढे आहे. ही सिंफनी मोझार्टने 1778 मध्ये पॅरिसमध्ये लिहिली आणि जून महिन्यात ती पहिल्यांदा वाजली. त्या मैफलीची हकिगत त्याने वडिलांना लिहून कळवली. पॅरिसमध्ये शेवटचा भाग सगळी वाद्ये एकदम वाजवून सुरू करतात असे त्याच्या कानावर आले होते, म्हणून त्याने मुद्दाम उलटे केले. फक्त व्हायोलिने, हळू. त्याने ताडले होते तसेच झाले. हळू भाग सुरू होताच प्रेक्षकांनी एकमेकांना 'शूऽ' केले, आणि ऑर्केस्ट्रा तुटून पडताच चालू संगीतात टाळ्या पिटल्या. पहिल्या भागातही त्याने एक जागा अशी घातली होती की लोकांना ती आवडणार हे त्याला माहीत होते. तिथेही टाळ्या पडल्या, आणि हे आधीच ओळखून त्याने ती शेवटाकडे पुन्हा आणली होती. हे सगळे त्याने तक्रार म्हणून लिहिलेले नाही. पठ्ठ्या खूश होता. इतका खूश, की सिंफनी संपल्यावर बाहेर जाऊन आइस्क्रीम खाल्ले, बोललेला जप केला आणि घरी गेला.

म्हणजे बघा. ज्या जागेवर टाळी पडावी म्हणून त्याने ती जागा बांधली, नेमक्या त्याच जागेवर त्याच्याच गावात, त्याच्याच नावाच्या सभागृहात आठशे माणसे गुडघे झाकून बसली होती. मी आत्याला मैफलीनंतर हे पत्राचे प्रकरण सांगितले. ती एकदम ताठ झाली. "म्हणजे तो आपल्यातला होता," ती म्हणाली. "जागा घेऊन ठेवायचा आणि समोरच्याकडे बघायचा. मग हे सगळं कोणी बंद केलं?"

कोणा एकाने नाही. मोझार्टच्या काळात सिंफनीचे भाग सुटेसुटे वाजत, मध्ये एखादे गाणे होई, लोक बोलत, येत-जात. पुढच्या शतकात संगीताला देवळाचा दर्जा आला. संगीतकार वाग्नरने बायरॉइटला आपले स्वतंत्र नाट्यगृह बांधले, ऑर्केस्ट्रा खड्ड्यात झाकला, दिवे मालवून टाकले. संचालक मालरने व्हिएन्नाच्या ऑपेरात उशिरा येणाऱ्यांना बाहेर थांबवायला सुरुवात केली. विसाव्या शतकात ध्वनिमुद्रिका आली आणि मधली टाळी म्हणजे डाग वाटू लागला. याचा फायदा नाही असे मी म्हणणार नाही. त्या सभागृहात अगदी हलका सूरही शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचतो. मोबाइल वाजत नाही, कोणी वडा खात नाही, 'पुढे सरका' म्हणत कोणी सतरंजी तुडवत येत नाही. आत्यानेही हे मान्य केले. फक्त एक पुस्ती जोडली, "ऐकतात फार चांगलं. कळवत नाहीत."

कळवत नाहीत असेही नाही. दाद ते साठवतात. सिंफनी संपली, संचालकाचे हात खाली आले, आणि मग जे सुरू झाले ते थांबेना. संचालक आत गेला, बाहेर आला. पुन्हा आत गेला, पुन्हा बाहेर आला. ओबोवाल्याला उभे केले, त्याला टाळ्या. फ्रेंच हॉर्नवाल्यांना उभे केले, त्यांना टाळ्या. सगळ्यांना उभे केले. व्हायोलिनवाले धनुकली हवेत हलवू लागले. मागून कोणी पाय आपटू लागले. सुरुवातीपासून तुंबलेली दाद चक्रवाढ व्याजासह परत केली जात होती. स्वरलिपीवाले गृहस्थ उभे राहून हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवत होते. आत्याचे हात एव्हाना दुखायला लागले होते. "अरे, त्या ओबोवाल्यानं ती जागा घेतली तेव्हा एक 'वा' म्हणू दिलं असतं," ती माझ्या कानात ओरडली, "तर आत्ता एवढे कष्ट पडले नसते!"

त्याच रात्री कापिटेलप्लाट्झ नावाच्या चौकात गेलो. मागे डोंगरावर किल्ला, एका बाजूला कॅथीड्रल, मध्ये एक भलामोठा सोनेरी गोल आणि त्या गोलावर उभा केलेला एक माणूस. तो तिथे का उभा आहे हे शिल्पकाराला माहीत. महोत्सवाच्या दिवसांत या चौकात मोठा पडदा लावून साल्झबुर्गमधल्या गाजलेल्या प्रयोगांची चित्रणे दाखवतात. प्रवेश मोफत. खुर्च्या मिळतील तशा. लोक सॉसेज खात होते, बिअर पीत होते, मुले सोनेरी गोलाभोवती पळत होती. पडद्यावर मोझार्टचा 'फिगारोचे लग्न' चालू होता. हा ऑपेरा 1786 सालचा, लाथेनंतर पाच वर्षांनी लिहिलेला. यात एक नोकर आपल्या मालकाला बनवतो, मालकाच्या डावपेचांचा फज्जा उडतो, आणि शेवटी मालकाला सगळ्यांसमोर गुडघे टेकून बायकोची माफी मागावी लागते. मालक कोण, तर काउंट. गोष्ट मूळ फ्रेंच नाटकातली, हे खरे. पण सूर देताना मोझार्टला दुसरा एखादा काउंट आठवलाच नसेल असे मला वाटत नाही.

इथे एक चमत्कार होत होता. दर गाण्यानंतर लोक टाळ्या वाजवत होते. पडद्याला. गाणाऱ्या बाई तिथे नव्हत्या. चित्रण कित्येक वर्षांपूर्वीचे, कदाचित त्या वेळी त्या दुसऱ्या कुठल्या गावी झोपल्या असतील. सकाळी हाडामांसाचे कलाकार दहा हातांवर असताना ज्यांनी त्यांना एवढेसेही कळू दिले नाही, तेच लोक रात्री कापडाला 'ब्रावा' म्हणत होते. नोकराने काउंटवर कडी केली तेव्हा आत्याने मांडीवर थाप मारून "क्या बात है!" म्हटले, चांगले चार रांगांना ऐकू जाईल असे. पुढच्या खुर्चीतला बिअरवाला मागे वळला. मी सावरून बसलो. त्याने ग्लास उंच करून आत्याला दाद दिली.

ती खुलली. मला उठवून तिने आइस्क्रीम आणायला लावले. ते खाता खाता म्हणाली, "पुढच्या वर्षी आले तर इथलंच तिकीट काढ."

"आत्या, इथे तिकीट नाही. फुकट आहे."

"म्हणूनच."